टाळूची फट आणि तिचे सोबती



२५ ऑक्टोबर २०२२ हा दिवस तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. त्या संध्याकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसले आणि सूर्य ग्रासलेलाच मावळला. मी दिवाळीच्या सुटीत गावच्या घरी होतो. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून मी गल्लीतल्या मुलांना भिंतीवर सूर्याची कडेने खाल्लेली प्रतिमा दाखवत होतो. माझी धाकटी बहीण दिवाळीला माहेरी आली होती. तिला सातवा महिना होता. स्वयंपाकघरात विळी घेऊन ती कांदा चिरायला बसली, तोच आई ओरडली, "अगं, ठेव ती विळी! ग्रहण लागलंय. पोराचा ओठ फाटेल!"

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी हसून म्हणालो, "चिर गं. ग्रहण म्हणजे नुसती सावली. सावलीने काही कापलं जात नाही."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला मुलगी झाली. मुलीचा ओठ अगदी व्यवस्थित होता. पण दूध पाजले की ते नाकातून बाहेर येई. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तिचे तोंड तपासले. टाळूच्या मागच्या भागात इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची मोठी फट होती.

आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. बहीण एवढेच म्हणाली, "दादा, तू म्हणालास म्हणून मी चिरला."

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ग्रहणाचा टाळूशी संबंध नाही हे मला पक्के ठाऊक होते. पण "मग फट पडली कशाने?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून जे उत्तर हळूहळू हाती आले, तेच आज तुम्हांला सांगणार आहे. त्यात फटीपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट निघाली. ती म्हणजे, फट दिसली की ती एकटीच आहे की तिच्याबरोबर आणखी कोणी आले आहे, हे आधी पाहावे लागते.

कारण आधी, परिणाम नंतर

आधी ग्रहणाचा निकाल लावू. त्यासाठी साधी वजाबाकी पुरेल.

गर्भ राहिल्यापासून सुमारे ३८ आठवड्यांनी मूल जन्मते. भाची जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात जन्मली, म्हणजे गर्भधारणा एप्रिल २०२२ च्या मध्याला झाली. वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो. टाळूचे काम त्यानंतर लगेच रंगात येते आणि बाराव्या आठवड्यापर्यंत संपते. तेव्हा माझ्या भाचीचा टाळू जुळायचा असता तर तो जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जुळला असता. ग्रहण लागले २५ ऑक्टोबरला, त्यानंतर तब्बल साडेतीन महिन्यांनी! ऑक्टोबरमधली विळी जुलैमधला सांधा कसा उसवणार? कारण आधी आणि परिणाम नंतर, हा निसर्गाचा क्रम कोणतेही ग्रहण उलटवू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, समजा एखादीच्या दुसऱ्याच महिन्यात ग्रहण आले तर? मग हे पाहा. जगात साधारणपणे ७०० बाळांमागे एक बाळ ओठाची किंवा टाळूची फट घेऊन जन्मते. भारतात वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी जन्म होतात असे धरले, तर अशी ३० हजारांहून अधिक बाळे होतात. म्हणजे रोज ऐंशी-नव्वद. ग्रहण असो वा नसो, हा आकडा चालूच असतो. आणखी एक गंमत ऐका. मेक्सिकोतही ग्रहणामुळे ओठ फाटतो असा जुना समज आहे. पण तिथे गरोदर बाई ग्रहणाच्या वेळी धातूची किल्ली किंवा पिन अंगावर बाळगते, म्हणजे बाळ सुरक्षित राहते म्हणे! आपल्याकडे लोखंड घातक, तिकडे लोखंड तारक. दोन्ही समज एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. दोन्ही खोटे मात्र असू शकतात.

आरशासमोर उभे राहा

आता टाळू जुळतो कसा ते पाहू. हातात आरसा घ्या. नाकाखाली वरच्या ओठाच्या मधोमध एक उथळ पन्हळ दिसेल आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन उभे उंचवटे दिसतील. आता जिभेचे टोक टाळूवरून पुढून मागे फिरवा. मधोमध एक बारीक रेघ जाणवेल. मित्रांनो, या तुमच्या चेहऱ्यावरच्या शिवणी आहेत! चेहरा एका तुकड्यातून घडत नाही. कपाळाकडून एक, वरच्या जबड्याच्या बाजूने दोन आणि खालच्या जबड्याच्या बाजूने दोन, असे पाच उंचवटे वाढत वाढत एकमेकांकडे येतात आणि चिकटतात. आपण प्रत्येक जण काही दिवस फाटक्या ओठाचे होतो. बहुतेकांची शिवण वेळेवर पुरी झाली, इतकेच.

टाळूचे काम तर अधिकच नाजूक असते. टाळूच्या दोन फळ्या सुरुवातीला आडव्या नसतात. त्या जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. मग खालचा जबडा पुढे वाढतो, जीभ खाली व पुढे सरकते, मध्ये जागा होते. तेव्हा या फळ्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात, मध्यभागी एकमेकींना भेटतात आणि जुळतात. हे सारे घडते तेव्हा गर्भ आपल्या अंगठ्याहूनही लहान असतो.

या वेळापत्रकात थोडी जरी गडबड झाली तरी सांधा राहून जातो. फक्त ओठ राहिला तर ओठाची फट, फक्त टाळू राहिला तर टाळूची, दोन्ही राहिले तर दोन्हींची. ओठाची फट मुलांमध्ये अधिक आढळते आणि ती उजवीपेक्षा डाव्या बाजूला जास्त वेळा असते. नुसत्या टाळूची फट मुलींमध्ये अधिक.

फट एकटी की सोबतीने?

आता मुख्य मुद्दा. चौथ्या ते आठव्या आठवड्यात नुसता चेहराच घडत नसतो. त्याच दिवसांत हृदयाचे कप्पे पडत असतात, हातापायांना बोटे फुटत असतात, डोळे, कान आणि मूत्रपिंडे आकार घेत असतात. एकाच इमारतीत गवंडी, सुतार आणि वायरमन एकदमच काम करत असावेत तसा प्रकार. शिवाय चेहऱ्याच्या हाडांचा आणि कूर्चांचा मोठा भाग ज्या पेशींपासून बनतो, त्या मुळात चेहऱ्यातल्या नसतातच. पाठीच्या बाजूला मज्जारज्जू घडत असतो त्याच्या काठावरून त्या निघतात आणि प्रवास करत पुढे येतात. त्यांतल्याच काही टोळ्या हृदयाकडे जातात आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधला पडदा घडवायला मदत करतात. मूळ छावणीतच काही बिघडले, तर चेहरा आणि हृदय दोन्हीकडची कामे अडतात.

म्हणून ओठाची फट दिसली की चांगला डॉक्टर फक्त ओठ पाहत नाही. तो छातीवर नळी ठेवतो, जबडा बाजूने पाहतो, डोळे, कान, बोटे आणि पाठीचा कणा तपासतो.

घाबरून मात्र जाऊ नका. निरनिराळ्या पाहण्यांत आकडे कमी-जास्त येतात, पण ढोबळ मानाने ओठाची फट असलेल्या दहांपैकी सात बाळांत ती एकटीच असते. टाळू फाटलेला असो वा नसो, हे प्रमाण लागू पडते. नुसत्या टाळूची फट असली तर मात्र सोबती अधिक. सुमारे निम्म्या बाळांतच ती एकटी असते. न दिसणारी फट अधिक सावधगिरीची, हे लक्षात ठेवा. सोबत्यांमध्ये हृदयाचे दोष वारंवार आढळतात. फटीबरोबर येणारे दोषांचे ठराविक संच तीनशेहून अधिक नोंदले गेले आहेत.

हे सोबती येण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते समजायला रोजची दोन उदाहरणे पुरतील. पहिला प्रकार उभ्या विटांच्या रांगेचा. एक वीट पडते, ती दुसरीला पाडते, दुसरी तिसरीला. दुसरा प्रकार घरातल्या मेन फ्यूजचा. तो उडाला की दिवा जातो, पंखा थांबतो, पाण्याचा पंपही बंद पडतो. दिव्याने पंखा बंद केला नाही. दोघांचे कारण मात्र एकच.

विटांची रांग

आमच्या भाचीचा खालचा जबडा फार लहान होता. बाजूने पाहिले तर हनुवटी मागे गेलेली. लहान जबड्यात जिभेला पुढे सरकायला जागा नाही. जीभ मागे आणि वर राहिली. जीभ मध्येच राहिल्यामुळे टाळूच्या फळ्यांना आडवे होता आले नाही. जिभेच्या गोल आकाराभोवती 'यू' आकाराची फट उरली. जबडा, जीभ, टाळू : एकापाठोपाठ तीन विटा! फ्रान्समधील दंतवैद्यकाचे तज्ज्ञ पिएर रॉबिन यांनी १९२३ मध्ये या लहान जबड्याच्या आणि मागे पडणाऱ्या जिभेच्या बाळांकडे लक्ष वेधले. म्हणून या साखळीला त्यांचे नाव आहे.

पण रांगेत चौथी वीटही होती आणि तीच जीवघेणी होती. बाळ उताणे निजले की जीभ मागे घशात पडे आणि श्वासाची वाट बुजे. पहिल्या रात्री आम्ही सगळे विळीची चर्चा करत बसलो होतो. भाचीचे ओठ निळसर पडलेले आमच्यापैकी कोणालाच दिसले नाहीत. पाळीवरच्या एका वयस्कर परिचारिकेला ते दिसले. तिने बाळाला उचलले, पालथे केले. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने जीभ पुढे आली, वाट मोकळी झाली आणि रंग परतला. मी वर्षानुवर्षे गुरुत्वाकर्षण शिकवत आलो आहे, पण त्या रात्रीइतका त्याचा उपयोग मला कधी दिसला नव्हता.

येथे एक इशारा देतो. इतर सर्व तान्ह्या बाळांना उताणेच निजवावे, तेच सुरक्षित असते. पालथे निजवण्याचा हा उपाय फक्त अशा बाळांसाठी आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. काही बाळांना एवढ्याने भागत नाही. त्यांना श्वासाच्या नळीची किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज लागते.

मेन फ्यूज

दुसऱ्या प्रकारात मूळ बिघाड जनुकात, म्हणजे शरीर घडवण्याच्या लेखी सूचनांत असतो. तीन उदाहरणे पाहू.

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. काही बाळांच्या २२ क्रमांकाच्या एका गुणसूत्रातला छोटासा तुकडा गळालेला असतो. तुकडा छोटा असला तरी त्यात सुमारे ३० लाख अक्षरांच्या सूचना असतात! अशा बाळांत हृदयाचा दोष, रक्तात कॅल्शियम कमी आणि त्यामुळे झटके, वारंवार जंतुसंसर्ग, आणि दुबळा किंवा फाटलेला टाळू हे सारे एकत्र आढळू शकते. अमेरिकेतील वाणीतज्ज्ञ रॉबर्ट श्प्रिंट्झन यांनी १९७८ मध्ये टाळू, हृदय आणि चेहरा यांचा हा मेळ मांडला. काही वेळा टाळूवरची त्वचा अखंड दिसते, पण आतले स्नायू जुळलेले नसतात. पडजीभ दोन टोकांची असणे ही अशा छुप्या फटीची एक खूण आहे.

दुसरे उदाहरण खालच्या ओठावरच्या दोन बारीक खळग्यांचे. १९५४ मध्ये अ‍ॅन व्हॅन डर वूड यांनी दाखवून दिले की हे खळगे आणि ओठ-टाळूची फट एकाच घराण्यात बरोबरीने उतरतात. एखाद्या वडिलांना नुसते खळगे असतात, कोणी लक्षही देत नाही. आणि मुलाला फट येते. प्रत्येक अपत्याला ही सूचना मिळण्याची शक्यता नाणेफेकीइतकी, म्हणजे निम्मी. २००२ मध्ये त्यामागचे जनुकही सापडले.

तिसरे उदाहरण आमच्याच घरातले. भाची वर्षाची झाली तेव्हा डॉक्टरांनी तिचे डोळे तपासून घ्यायला सांगितले. टाळूसाठी आलेल्या मुलीचे डोळे कशाला, असे आम्हांला वाटले. तपासणीत चष्म्याचा नंबर निघाला उणे ६! आता तुम्हीच गणित करा. १ ला ६ ने भागा; उत्तर येते सुमारे ०.१७ मीटर. म्हणजे १७ सेंटीमीटरच्या पलीकडचे सारे जग तिला धूसर दिसत होते. आईचा चेहरादेखील मांडीवर घेतल्यावरच स्पष्ट. वर्षाचे मूल सांगणार कसे?

लहान जबडा, टाळूची फट आणि डोळ्याचा एवढा मोठा नंबर हा संच पाहून डॉक्टरांनी जनुकाची चाचणी केली आणि स्टिकलर दोषसमूह असे निदान झाले. अमेरिकेतील डॉक्टर गुन्नार स्टिकलर यांनी १९६५ मध्ये त्याचे वर्णन केले. कोलॅजन नावाचे प्रथिन शरीरात काथ्याच्या दोराचे काम करते. एका जातीचे कोलॅजन डोळ्यातल्या पारदर्शक गरात, सांध्यांच्या कूर्चांत आणि वाढत्या हाडांच्या कूर्चांत असते. हा दोरच कच्चा निघाला की डोळे, सांधे, कान आणि जबडा या साऱ्यांवर परिणाम होतो. म्हणजे आमच्या विटांच्या रांगेतली पहिली वीट पाडणारा धक्का मेन फ्यूजमधून आला होता!

मेहुण्यांचा चष्मा

मग डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, "घरात लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा कोणाला आहे?" आम्ही सगळे माझ्या मेहुण्यांकडे पाहू लागलो. त्यांना चौथीपासून जाड चष्मा. गुडघे तिशीतच दुखायला लागलेले. त्यांच्या तोंडातला टाळू अखंड होता, त्यामुळे कोणाला कधी शंका आली नाही.

त्यांचे डोळे तपासले तेव्हा एका डोळ्याच्या दृष्टिपटलाला कडेशी लहानशी चीर गेलेली आढळली. या दोषात दृष्टिपटल सुटण्याचा धोका मोठा असतो. ते सुटले आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर दृष्टी जाऊ शकते. लेझर किरणांनी चिरेभोवती डाग देऊन ती जागच्या जागी बंद करण्यात आली. मुलीच्या टाळूची फट तपासता तपासता बापाचा डोळा वाचला.

घरी आल्यावर मेहुणे खाली मान घालून बसले. "म्हणजे माझ्यामुळेच झालं ना हे?" आधी वर्षभर माझी बहीण हाच प्रश्न स्वतःला विचारत होती. मित्रांनो, जनुक कोणी निवडून देत नाही. ते देणाऱ्याला ठाऊकही नसते. कारण सापडले की दोष द्यायला माणूस सापडला असे होत नाही. कारण सापडले की पुढे काय तपासायचे ते कळते. कारण शोधायचे ते यासाठी.

घाटातले कान

आणखी एक सोबती टाळूच्या फटीबरोबर जवळजवळ नेहमी येतो. तो म्हणजे कमी ऐकू येणे.

लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीला जाताना तुमच्या कानांत दडे बसतात ना? आपण सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो आणि हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. कानाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे अर्धा चौरस सेंटीमीटर धरले, तर त्यावर जणू ३० ग्रॅमचे वजन ठेवले जाते. आवंढा गिळला की 'टक्' असा आवाज होऊन दडा सुटतो. कारण मध्यकर्णापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते, तिला यूस्टेशियन नलिका म्हणतात. गिळताना मृदू टाळूचे स्नायू ती क्षणभर उघडतात आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

फाटलेल्या टाळूत हे स्नायू चुकीच्या जागी चिकटलेले असतात. नळी नीट उघडत नाही. मध्यकर्णातली हवा आजूबाजूच्या पेशी शोषून घेतात, आतला दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि तिथे चिकट पाणी साठते. असे मूल कायम घाट उतरतच असते म्हणा ना! कानांत बोटे घालून ऐकावे तसे त्याला ऐकू येते. घरचे म्हणतात, हट्टी आहे, हाक मारली तरी बघत नाही. ते हट्टी नसते. पडद्याला बारीक छेद देऊन छोटीशी नळी बसवली की हवा आत जाते आणि ऐकणे सुधारते.

करून पाहा

स्टीलची गार ताटली नाकपुड्यांखाली आडवी धरा. आता श्वास नाकाने न सोडता स्पष्टपणे 'पापा', 'बाबा' म्हणा. ताटलीवर वाफ धरणार नाही. आता 'मामा', 'नाना' म्हणा. लगेच धुरकट डाग उमटेल! प, ब म्हणताना मृदू टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो आणि तोंडात हवेचा दाब साठतो. म, न म्हणताना वाट उघडी असते. टाळू फाटलेला असेल तर ही वाट बंदच होत नाही. दाब साठत नाही आणि प, ब, ट, क हे वर्ण नाकातून निसटतात. तान्ह्या बाळाला दूध ओढता येत नाही त्याचेही कारण हेच. भोक पडलेल्या नळीने उसाचा रस ओढून पाहा, म्हणजे कळेल. म्हणून अशा बाळाला बोंडल्याने किंवा चमच्याने, डोके उंच धरून, थोडे थोडे दूध पाजतात.

भाचीचा पहिला स्पष्ट शब्द होता 'मामा'. मला कोण आनंद झाला! पण भौतिकशास्त्र आडवे आले. फाटक्या टाळूने 'बाबा' म्हणता येत नाही, 'मामा' म्हणता येते. त्यात माझे कौतुक ते काय?

दुरुस्ती

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यात करतात. त्यासाठी दहाचा नियम प्रसिद्ध आहे : वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन १० ग्रॅम. टाळूची शस्त्रक्रिया सहसा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे मूल बोलू लागण्याच्या सुमारास होते. पण भूल देण्याआधी हृदय आणि श्वासाची वाट तपासावीच लागते. सोबती आधी ओळखण्याचे हेही एक कारण. शस्त्रक्रियेनंतर दात, कान आणि बोलणे यांवर कित्येक वर्षे लक्ष ठेवावे लागते.

तुमच्या शाळेत डॉक्टरांचे पथक येऊन सगळ्यांना तपासून जाते ना? तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम होय. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथे सुरू झाला. ओठ-टाळूची फट, हृदयाचे जन्मजात दोष, बहिरेपणा, मोतीबिंदू, वाकडी पावले यांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यात तपासतात आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. पथक आले की रांगेत धक्काबुक्की करू नका आणि काही त्रास असेल तर लपवू नका.

सगळ्याच फटी टाळता येत नाहीत. पण आईने गरोदरपणी तंबाखू आणि दारूपासून दूर राहणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे, आकडीवरची किंवा इतर औषधे डॉक्टरांना विचारूनच घेणे आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या वेळेवर घेणे हे हिताचे असते. फॉलिक आम्लाने मज्जारज्जूचे जन्मदोष कमी होतात हे १९९१ मध्ये सिद्ध झाले आहे. धोका टाळायचा तर तो येथे. विळी बाजूला ठेवून काही साधत नाही.

भाचीच्या टाळूची शस्त्रक्रिया ती चौदा महिन्यांची असताना झाली. त्यानंतर पुष्कळ दिवस ती आरशासमोर बसून बोलण्याचा सराव करी. एके दिवशी मेहुणे कामावरून आले आणि दारातच तिने हाक मारली, "बाबा!" बहिणीने घाईघाईने तिच्या नाकाखाली ताटली धरली. ताटली कोरडी होती. आता ती बालवाडीत जाते. तिचा चष्मा घसरू नये म्हणून आईने, म्हणजे तिच्या आजीने, त्याला दोरी बांधून दिली आहे.

२ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे पुन्हा खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. पुठ्ठ्याला भोक पाडा आणि भिंतीवर प्रतिमा घ्या. त्या दिवशी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात "ठेव ती विळी" अशी हाक ऐकू येईल. भांडू नका. कागद-पेन्सिल घ्या, त्या ताईला कितवा महिना चालू आहे ते विचारा आणि आठवडे मोजून दाखवा. आणि कोणाच्या घरी फाटक्या ओठाचे किंवा टाळूचे बाळ आलेच, तर कोणाचे काय चुकले हे विचारू नका. एवढेच विचारा : बाळाचा श्वास, हृदय, डोळे आणि कान तपासून घेतले का?